साडेपाच तास

शनिवार, १३ सप्टेंबर

सर्व्हर रूममधल्या खालच्या मशीनचं घड्याळ चक्क साडेपाच तास मागे! माझ्या हातघड्याळात सव्वाअकरा आणि पडद्यावर पावणेसहा. इतकी वर्षं कुणी पाहिलंच नाही? सुखदेवकाका असे कसे रिटायर झाले हे तसंच ठेवून! दोन मिनिटांत पुढे करून टाकलं, अगदी सेकंदासकट.

घरी सांगितलं तर बाबा खूश. "बत्तीस वर्षं खडकीच्या कारखान्याच्या भोंग्यावर काढली मी. घड्याळ मागे म्हणजे माणूस मागे." एवढं कौतुक माझ्या बी.कॉम.च्या निकालाचंही झालं नव्हतं.

काकांनी जाताना बजावलं होतं, मशीनला हात लावलास की तारीख घालून कुठेतरी लिहून ठेव. म्हणून लिहिलं. नाहीतर ही वही फक्त कुरकुरीसाठी आहे.

रविवार, १४

धुणं. डोक्याला तेल. दुपारी तीन तास झोप. आठवड्यातून असे दोन रविवार पाहिजेत.

सोमवार, १५

कन्सोल मला आत घेईना.

सकाळी साडेनऊला नेहमीसारखा पासवर्ड टाकला. 'लॉगिन अयशस्वी.' परत टाकला, परत तेच. कॅप्स लॉक पाहिलं. एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाकलं — सर्व्हर रूममध्ये एकटीच असते म्हणून बरं, नाहीतर लोकांनी वेड्यात काढलं असतं. पाचव्यांदा चुकल्यावर खातंच लॉक. झालं कल्याण!

काका म्हणायचे, आपली चाळ आहे ही. मोठी मशीन दोनच, पण पोटात सात सर्व्हरची सात बिऱ्हाडं. कुणाला उठवायचं, कुणाला झोपवायचं, कुणाला जागा वाढवून द्यायची, सगळं त्या एका कन्सोलमधून. किल्ल्यांचा जुडगा एकच, आणि तो आता हरवला.

चाळ चालू आहे हे नशीब. आमच्या रक्तकेंद्रातल्या रक्ताच्या नोंदी होतायत, लेबलं निघतायत, खाली कुणाला काही कळलेलं नाही. पण आता एखादा सर्व्हर बसला तर मी नुसती बघत बसणार. डेंग्यूचे दिवस. बिबवेवाडीतल्या प्रत्येक गल्लीतून कुणी ना कुणी प्लेटलेटसाठी येतंय.

आणि हे आत्ताच व्हायचं होतं! चौदा वर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर काढली. आधी नुसती डेटा एन्ट्री, आता पाच महिने काकांच्या जागी. कायम करायची ऑर्डर तयार आहे. अनिरुद्ध सर (आमचे व्यवस्थापक) म्हणाले होते, "पितृपक्षात नको. घटस्थापना झाली की कमिटीपुढे ठेवतो." तोवर माझ्या हातून काही बिघडता कामा नये, एवढंच मागितलं होतं मी.

मंगळवार, १६

सरांना सांगावं लागलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे कुलूप लावायला शिकलात आपण. उघडायचं कधी शिकणार?"

त्या सॉफ्टवेअरचा सपोर्ट बघणारा साई म्हणून मुलगा आहे, बाणेरला त्यांचं ऑफिस. त्याने फोनवर तासभर खटपट करून खातं उघडून दिलं. पासवर्डही नवा केला. तरी लॉगिन अयशस्वी! वर आणखी एक लाल ओळ — 'खालचं मशीन प्रतिसाद देत नाही.' अरे, माझ्या गुडघ्याशी घरघरतंय ते! पंख्याचा वारा लागतोय मला!

साई म्हणाला, "मॅडम, शनिवार-रविवारी काही चेंज केलंत का? केबल, सेटिंग, काहीही?"

"छे हो. काहीच नाही."

खोटं बोलत नव्हते. खरंच आठवलं नाही.

बाबा जेवताना म्हणाले, "तुझ्या सर्व्हरलापण पितृपक्ष लागला वाटतं." मी भांडले त्यांच्याशी. उगाच.

बुधवार, १७

वही उघडली आणि शनिवारचं पान समोर आलं.

घड्याळ!

साईला फोन केला. अगदी सहज विचारल्यासारखं, "घड्याळाचा काही संबंध असतो का हो यात?"

"असतो ना! ही मोठी मशीन जागतिक प्रमाणवेळेवर चालतात मॅडम, मुद्दाम. आपल्याकडे दाखवताना सर्व्हर त्यात साडेपाच तास मिळवतात. वर्षातून एखादा शहाणा भेटतोच — मागे आहे म्हणून पुढे करणारा. पाच तास मागे असतं तर माणूस विचार तरी करतो, साडेपाच म्हटलं की घड्याळ बिघडलंय असंच वाटतं. मग दोन मशीनच्या वेळा जुळत नाहीत. पाच मिनिटांच्या वर फरक गेला की एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत ती. पासवर्ड बरोबर असला तरी हाकलतात." मग हसला. "पण तुमच्याकडे कोण करणार असलं?"

मीही हसले. देवा, मी हसले!

रविवारी पहाटे कन्सोलचा सर्व्हर आपोआप बंद होऊन पुन्हा उठतो, काकांनीच लावून ठेवलंय. तो उठला आणि त्याने खालच्या मशीनला वेळ विचारली असणार. त्या मशीनने माझी वेळ सांगितली. सोमवारी म्हणूनच मला बाहेर ठेवलं त्याने.

म्हणजे काकांचं घड्याळ बरोबर होतं. मागे मीच.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. साई कुणी परका नाही, चिडला नसता. पण तो रिपोर्ट लिहितो आणि रिपोर्ट जातो सरांकडे. 'कारण: कर्मचाऱ्याने मशीनची वेळ बदलली.' कर्मचारी म्हणजे मी. कमिटी मंगळवारी आहे.

उद्या गुरुवार. महावितरणची नोटीस आली आहे, दहा ते तीन वीज नाही. सगळी मशीन बंद करावीच लागणार. सुरू करताना घड्याळ गुपचूप मागे घेते. कुणाला कळणार नाही. कुणाचं नुकसानही नाही.

गुरुवार, १८

सर सर्व्हर रूममधून हलतील तर शपथ!

रक्ताचे फ्रीज जनरेटरवर, आम्ही अंधारात. तीन वाजता वीज आली. मी मशीन सुरू करायला गेले तर हे मागे हाताची घडी घालून उभे. "आज मी स्वतः बघतो आपण काय करता ते." खालच्या मशीनचा पडदा उजळला. घड्याळ समोर, सव्वातीन! तिथे असायला हवे होते सकाळचे पावणेदहा. माझं सगळं लक्ष सरांच्या चष्म्याकडे. त्यांनी पाहिलं नाही. त्यांना त्या पडद्यातलं काही कळत नाही, हे माझं नशीब.

हात पुढे केला होता मी. "काय करताय?" म्हणाले. "काही नाही, धूळ," म्हटलं आणि पडदा पुसला. काय हा मूर्खपणा!

सातही सर्व्हर उठले. नोंदी उघडल्या, लेबलाचा प्रिंटर सुरू झाला. कन्सोल मात्र मला आत घेईनाच. सर म्हणाले, "चला, हेही नसे थोडके," आणि माझ्याबरोबरच खाली उतरले. खोलीची किल्ली त्यांच्याच खिशात.

मांजरी गावातल्या एका सोसायटीत आज संध्याकाळी रक्तदान शिबिर आहे. आमचा टेक्निशियन बुद्धभूषण चार वाजता गाडी घेऊन गेला. जाताना म्हणाला, "ताई, तोंड का उतरलंय? चला शिबिराला, केळं-बिस्कीट देतो." भला मुलगा आहे. माझ्या मागून नोकरीला लागला आणि आठ वर्षांत कुणाशी वाकडा शब्द नाही त्याचा.

शुक्रवार, १९

पावणेसातला पोचले. खडकीहून पहिली बस, स्वारगेटला रिक्षा. वॉचमनकडून दुसरी किल्ली घेतली, "साहेबांनी सांगितलंय" म्हणून. आणखी एक खोटं. मोजत नाही आता.

घड्याळ साडेपाच तास मागे घेतलं. दोन्ही मशीन बंद करून पुन्हा सुरू केली, सातही सर्व्हर एकेक करून उठले.

पासवर्ड टाकला.

उघडलं! सगळं हिरवं! मी तिथे जमिनीवर बसून रडले, पंख्यांच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही.

सर दहाला आले. "पाहिलंत? मी उभा राहिलो म्हणून मार्गी लागलं." लागलं हो, तुमच्याच पायगुणाने.

साईला म्हटलं, आपोआप सुरू झालं. तो म्हणाला, "आपोआप काही होत नाही हो मॅडम. वेळ तपासून घ्या एकदा सगळ्यांची." मी म्हटलं, हो, घेते.

घेतली. आता सगळ्यांची बरोबर आहे. सुटले!

रविवार, २१

आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवले. शेजारी सर्वपित्रीचं जेवण, त्यांनी बाबांना आग्रहाने वडे पाठवले. बाबा म्हणाले, "आपण मानत नाही, पण वड्यांना नाही म्हणू नये."

सोमवार, २२

घटस्थापना. खालच्या मजल्यावर सगळ्या जणी पांढऱ्या साड्यांत, आज रंग पांढरा. माझाही चेहरा आता साडीसारखाच झालाय.

पाच वाजता बुद्धभूषण आला. शिबिराचं हाताने लिहिलेलं रजिस्टर हातात. दार लोटून घेतलं त्याने.

"ताई, एक विचारू? रागावू नका. गुरुवारच्या शिबिराच्या बॅगांवर शुक्रवारची तारीख आहे. सगळ्या एकतीस. रजिस्टरात अठरा, कॉम्प्युटरात एकोणीस."

मी रजिस्टर घेऊन पाहिलं. अठराच.

"आठला परत आलो आम्ही. लगेच नोंदी केल्या. तारीख तर आपोआप येते, मी फक्त ओके दाबतो. पण माझ्याकडूनच काही दाबलं गेलं असणार. दमलो होतो. आठ वर्षांत तुमचा सर्व्हर कधी चुकलेला नाही."

तुमचा सर्व्हर कधी चुकलेला नाही!

गुरुवारी दुपारी वीज आल्यावर नोंदींचा सर्व्हरपण उठला होता. त्यानेही खालच्या मशीनला वेळ विचारली आणि तिच्यात आपले साडेपाच तास मिळवले. संध्याकाळी साडेसहा वाजले आणि त्याच्याकडे रात्रीचे बारा. तारीख पालटली. शुक्रवारी सकाळी मी घड्याळ मागे घेतलं, पण छापलेली लेबलं कोण मागे घेणार?

बुद्धभूषण सांगत होता, "लाल पेशींच्या बॅगांचं ठीक आहे, त्या महिनाभर टिकतात. पण त्यातल्या बारांच्या प्लेटलेट काढल्यात. प्लेटलेट पाच दिवस, ताई. त्यावर एक दिवस नाही. त्यांची खरी मुदत उद्या मंगळवारी रात्री संपते. लेबल म्हणतंय बुधवार. सात गेल्या, त्या मुदतीतच गेल्या. पाच उरल्यात. मुदत संपल्यावर जंतू वाढले तर पेशंटच्या रक्तात विष चढतं."

"डॉक्टर मॅडमना सांगितलंस?"

"आधी तुम्ही सिस्टीममध्ये बघा. माझी चूक दिसली तर मग मीच जाऊन सांगतो. घाबरलोय हो. घरी दोन महिन्यांचं बाळ आहे."

म्हटलं, "बघते."

काय बघायचंय? मला माहीतच आहे सगळं. त्याला तिथेच सांगायला हवं होतं — वेड्या, तुझी चूक नाही, माझी आहे. नाही सांगितलं. कमिटी उद्या पाचला. मुदत उद्या रात्रीची. म्हणजे उद्या दिवसभर वेळ आहे. आधी कमिटी होऊ दे, मग लगेच सांगते. पाच बॅगा बाजूला काढायला असा कितीसा वेळ लागतो?

मंगळवार, २३

बुद्धभूषण सकाळी — "बघितलं का ताई?"

"बघतेय."

दुपारी दोनला परत. तीनला त्याची पाळी संपते. बाळाला डोस द्यायला न्यायचं होतं. "ताई, रात्रीच्या आत मॅडमना सांगाल ना? माझं नाव घेतलंत तरी चालेल."

"सांगते. जा तू."

कमिटी पाचला म्हणता सहाला बसली. मला आत बोलावलं. सर म्हणाले, "गेल्या आठवड्यात सिस्टीम कोसळली होती, यांनी एकटीने उभी केली." चौघांनी माना हलवल्या. डॉक्टर वल्लरी मॅडमही होत्या, सगळं रक्त त्यांच्याच सहीने बाहेर जातं. त्यांनी माझा हात हातात घेतला. "आनंदी, तुम्ही आहात म्हणून मला झोप लागते."

तेव्हा सांगायचं होतं. मॅडम समोर होत्या, हात त्यांच्या हातात होता! तोंड उघडलं आणि कुणीतरी त्यात पेढा घातला.

पत्र मिळालं. कायम. खाली सगळ्यांच्या सह्या. मॅडमना घाई होती, त्या गाडीत बसून निघून गेल्या. फोन हातात घेऊन मी स्वारगेटपर्यंत आले. नंबर काढला. काय सांगणार फोनवर, आत्ताच तर पेढा खाल्ला. आता रात्री कोण प्लेटलेट न्यायला येतंय? उद्या आठला मॅडम येतात. आठला त्यांच्या दारात उभी राहते, पहिलं काम तेच. लेबलही उद्याचंच आहे.

हे शेवटचं वाक्य मी काय लिहिलं? लेबल खोटं आहे हे मलाच तर माहीत आहे!

बाबांनी पत्र दोनदा वाचून तथागतांच्या मूर्तीपाशी ठेवलं. मला तिकडे बघवत नाही.

बुधवार, २४

सांगितलं.

आठ वाजून पाच मिनिटांनी. सगळं — घड्याळ, साई, धूळ, किल्ली, लेबल. ऐकून मॅडमनी हातातलं पेन ठेवलं. उठल्या आणि थेट प्लेटलेटच्या खोलीत गेल्या. मी मागे. हलत्या ट्रेवर त्या शिबिराच्या बॅगा मोजल्या.

चार.

मॅडमनी रजिस्टर ओढलं. पाचवी पहाटे चार पन्नासला गेली होती. जवळच्याच एका खाजगी दवाखान्यात, डेंग्यूची पेशंट, बाई, वय चौतीस. रात्रपाळीच्या मुलाने नियमाप्रमाणेच दिली — जुनी बॅग आधी.

मॅडमनी उभ्यानेच फोन लावला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. "चढवली? कधी? … सहाला. बरं. पेशंटवर लक्ष ठेवा. ताप, थंडी, बीपी, काहीही वाटलं तर लगेच मला. मी लेखी पाठवतेय." फोन ठेवला.

"तुम्हाला कधी कळलं?"

"सोमवारी. संध्याकाळी."

"काल मी तुमच्यासमोर बसले होते, आनंदी."

"हो."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. चारही बॅगा त्यांनी स्वतः बाद केल्या. बुद्धभूषणला बोलावून माझ्यादेखत सांगितलं, तुझी काही चूक नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, तेच वाईट. "ताई, मला परवाच सांगायचंत. मी तुमचं नाव घेतलं नसतं हो. बॅगा तेवढ्या काढून ठेवल्या असत्या."

सरांनी पत्र परत मागितलं. म्हटलं, उद्या आणून देते. चौकशी बसणार आहे, तोवर घरी बसा म्हणाले. चौदा वर्षं ज्या गोष्टीला घाबरत होते ती झाली आणि मला काहीच वाटलं नाही. मी मॅडमच्या दाराबाहेर स्टुलावर बसून होते, फोनची रिंग ऐकत.

दुपारी पावणेतीनला वाजला. त्या बाईला थंडी वाजून ताप भरलाय. एकशे तीन. मॅडम म्हणाल्या, "प्लेटलेटनंतर असा ताप बॅग चांगली असली तरी येतो कधीकधी. डेंग्यूचाही असेल." मग म्हणाल्या, "रक्त तपासायला टाकलंय. जंतू आहेत का ते कळायला दोन दिवस."

नाव विचारलं मी. मॅडमनी सांगितलं नाही, पण रजिस्टर उघडंच होतं. पायल.

बाबांना सांगितलं. त्यांनी ताट बाजूला सारलं. मग मूर्तीपाशी गेले आणि पत्र काढून माझ्या हातात दिलं.

गुरुवार, २५

पत्र देऊन परस्पर दवाखान्यात गेले. कुणी बोलावलं नव्हतं. अतिदक्षता विभागाबाहेर बाकावर एक म्हातारी बाई बसली होती. पायलची आई. ताप उतरलेला नाही म्हणाली.

माझ्या गळ्यात रक्तकेंद्राचं ओळखपत्र तसंच राहिलं होतं. त्यावर तिची नजर गेली. धडपडत उठली, माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले.

"पहाटे कुठेच मिळत नव्हती हो बॅग. तुमच्यामुळे मिळाली. अगदी वेळेवर."